पावसाळ्यात पंच-डायचे सेट गोव्याहून पिथमपूरला पाठवायचेत, गंज आणि टिपला मार कसा टाळायचा?

वेर्णा_कॉम्प्रेशन

नमस्कार मंडळी. मी गोव्यात वेर्ण्याला टॅबलेट प्लांटमध्ये कॉम्प्रेशनला, म्हणजे पावडर दाबून गोळ्या करण्याच्या कामाला आहे. आमचे दोन प्रॉडक्ट आता कंपनीच्याच पिथमपूरच्या (इंदूरजवळ, एमपी) प्लांटला शिफ्ट होतायत आणि त्यांचं टूलिंग (गोळी दाबणारे अप्पर आणि लोअर पंच, आणि मधला साचा म्हणजे डाय) पण तिकडे पाठवायचंय. दोन्ही सेट 45 स्टेशनचे, बी टूलिंग (पंच-डायचा एक ठरलेला आकार). एक राउंड शॅलो कॉन्केव्ह आहे, हार्ड क्रोम केलेला, आणि दुसरा ओव्हल, त्यावर एम्बॉसिंग, म्हणजे अप्पर पंचला की (पंच फिरू नये म्हणून बाजूला बसवलेली पट्टी) आहे.

विचारायचं कारण असं की मागच्या पावसाळ्यात याच रूटने एक सेट गेला होता आणि तिकडे पोचला तेव्हा बऱ्याच पंचांच्या बॅरलवर (दांड्यावर) तांबूस चट्टे, काहींच्या कपमध्ये (टिपच्या खोलगट तोंडात) पण बारीक ठिपके, आणि चार-पाच अप्परच्या टिपच्या कडेला बारीक मार बसलेला. तिकडच्यांनी पॉलिश करून लावला सेट, तर पहिल्याच बॅचला टॅबलेटच्या कडेला बर (धारदार उरलेली कड) यायला लागली आणि काळे ठिपके पण, बॅच होल्डवर गेली. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो बॉक्स सीलबंद होता, आमचा काय संबंध. इकडून पाठवताना आमच्या लोकांनी धुऊन, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून, लिक्विड पॅराफिन लावून पाठवला होता, लाकडी बॉक्समध्ये प्रत्येक पंचाला वेगळं भोक होतं. म्हणजे एसओपीप्रमाणे सगळं बरोबरच होतं, तरी असं झालं.

आता जुलैमध्येच पाठवायचंय, थांबता येणार नाही. चोर्ला घाट, बेळगाव, पुणे, नाशिक, धुळे असा रस्ता, मध्ये हबला एक-दोनदा माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढतो. कोणी असं टूलिंग नेहमी पाठवत असेल तर सांगा नक्की कुठे काय बदलायचं. आणि सेट तिकडे गेल्यावर दोन महिने तरी नुसता कपाटात राहणार आहे, मशीन क्वालिफाय व्हायचंय, त्याचंही सांगा.

पंचरूम_वाळूज

मी वाळूजला पंच रूम बघतो, बरीच वर्षं हेच काम. तुमच्या पोस्टमधली एक गोष्ट मला लगेच खटकली. आयपीएने पुसलं म्हणता, ते 70 टक्केवालं आयपीए ना? प्रॉडक्शनमध्ये सॅनिटायझेशनला तेच असतं, म्हणून सगळे तेच उचलतात. त्यात 30 टक्के पाणी आहे. अल्कोहोल आधी उडतं, पाणी मागे राहतं, आणि वरून तुम्ही तेल लावलंत की ते पाणी तेलाखाली अडकलं. परत आयपीए उडताना पंच थंड होतो, रूममध्ये आरएच (हवेतली आर्द्रता) जास्त असेल तर हवेतलं पाणी पण त्यावर बसतं. लिक्विड पॅराफिन पाण्याला बाजूला सारत नाही, त्यात गंज रोखणारं काही घातलेलं नसतं, नुसता थर देतं. आठवडाभर शेल्फवर ठेवायला ठीक आहे, पण पावसाळ्यात ट्रकमध्ये चार दिवस आणि पुढे दोन महिने कपाटात, एवढं ते निभावणार नाही.

आमच्याकडे असं चालतं. धुतल्यावर लगेच कोरड्या, तेल-पाणी फिल्टर केलेल्या एअरने फुंकायचं, त्यात कीवे (की बसते ती खाच), कीच्या खालची फट, एम्बॉसिंगची अक्षरं आणि डायच्या बाहेरच्या खाचेत खास फुंकायचं कारण पाणी तिथेच लपतं. मग ओव्हनला 60 अंशाच्या आसपास ट्रेमध्ये ठेवायचं, बाहेर काढून एसी रूममध्येच रूम टेंपरेचरला येऊ द्यायचं, शेवटचा हात 99 टक्क्यांच्या आयपीएचा लिंट-फ्री कापडाने, आणि मग तेल. तेल फूड ग्रेडचं, एनएसएफ एच1 (चुकून अन्नाला लागलं तरी चालणारं) रजिस्ट्रेशनवालं, पण त्यातलं गंजरोधक म्हणून विकतात ते घ्या, नुसतं लुब्रिकेटिंग नको. पातळ एकसारखा थर पुरे, ओघळ येईल एवढं नको.

आणि हे सगळं नायट्राइल ग्लोव्ह घालून. उघड्या हाताने पंच धरला की घामातलं मीठ बसतं आणि दोन-तीन दिवसांत बोटाचा ठसाच उठतो गंजाचा. बॅरलवरचे तुमचे तांबूस चट्टे बोटांच्या आकाराचे होते का, फोटो असेल तर बघा.

आता मार. तुम्ही म्हणता प्रत्येक पंचाला वेगळं भोक होतं. भोक किती मिमीचं होतं ते मोजून सांगाल का? आणि पंच कसा ठेवला होता, टिप वर की टिप खाली?

वेर्णा_कॉम्प्रेशन

दादा, आयपीए 70 टक्केच होतं, विचारून घेतलं. फोटो बघितले, दोन-तीन पंचांवर खरंच बोटांसारखे डाग दिसतात.

बॉक्स परत आलाय, स्टोअरमध्ये पडला होता, आत्ता व्हर्नियर लावून आलो. भोक 26 च्या आसपास आहे. पंच टिप वर करून ठेवले होते आणि झाकणाला आतून फोम आहे, फोमवर टिपचे गोल ठसे उमटलेत.

पंचरूम_वाळूज

मग झालं, तो बॉक्स डी टूलिंगचा आहे. डी पंचचं बॅरल 25.4 मिमी, तुमच्या बीचं 19. सात मिमीच्या ढिलाईत पंच पूर्ण रस्ताभर डुलत राहिला, टिपा एकमेकींकडे झुकल्या, वरून फोम दाबतोय. लोअरची टिप लांब असते तिला बाजूचा धक्का जास्त लागतो, पण अप्परला मार आलाय म्हणजे बहुतेक हबला बॉक्स उलटा ठेवला गेलाय आणि पंच टिपवर उभे राहिलेत. टिपची कड म्हणजे लँडची पट्टी, ती मिमीच्या दशांशात मोजायची गोष्ट, पंचाचं सगळं वजन तिच्यावर आलं की संपलं. कप जेवढा खोल तेवढी कड नाजूक.

बी पंच 133.6 मिमी लांब, वजन पाव किलोच्या थोडं वर. 90 पंच आणि 45 डाय मिळून सेट तीस किलोच्या घरात जातो. एका बॉक्समध्ये एवढं भरलं की हमाल तो उचलत नाही, सरळ आपटतो. त्यामुळे अप्पर, लोअर, डाय असे तीन बॉक्स करा, प्रत्येकाला दोन बाजूंना हँडल. एका माणसाने नीट उचलून नीट ठेवण्याएवढं वजन असलं की अर्धं काम झालं.

आत पंच आडवे, पीपी किंवा एचडीपीईच्या ट्रेमध्ये, बॅरल खाचेत बसलेलं आणि टिप व हेड दोन्ही मोकळे, कशालाच टेकलेले नाहीत. टिपवर प्लास्टिकची कॅप घाला, कॅप टिपच्या कडेवर न बसता तिच्या मागच्या गळ्यावर धरली पाहिजे अशी घ्या. ओव्हलच्या अप्परला की बाहेर आलेली आहे, तिच्यासाठी खाचेत जागा कोरून घ्या नाहीतर की ट्रेला अडकून सैल होते. वरून दुसरा ट्रे उलटा बसवून आवळायचा. बॉक्स बंद करून दोन्ही हातांनी हलवून बघा, आतून जराही आवाज आला तर उघडून परत भरा.

डायचं पण तसंच. लोक डाय बांगड्यांसारख्या एकावर एक रचतात, मग एकीचा चॅम्फर (तोंडाची तिरपी कड) दुसरीवर घासतो. प्रत्येक डायला आपली खाच. कार्बाइड लायनिंग असेल तर अजून जपा, कार्बाइड लवकर झिजत नाही पण धक्क्याने तडकतं.

अहमदाबादकर_टूलरूम

मूळ सांगलीचा, पण इकडे अहमदाबादला पंच-डाय बनवण्याच्या लाइनमध्ये आहे. वाळूजच्या दादांनी बरंचसं सांगितलंच, मी बनवणाऱ्याच्या बाजूने थोडं सांगतो.

लाकडी बॉक्स आता खरंच बंद करा. लाकूड ओलावा धरून ठेवतं आणि त्यातून अॅसिटिक अॅसिडची वाफ सुटत असते, नवीन लाकडातून जास्त. बंद बॉक्समध्ये स्टीलला ती बाधते. आणि लाकडाचा भुसा तुमच्या पंच रूममध्ये जातो तो वेगळाच. फोमचं पण बघा, तो साधा पीयू फोम तेल पिऊन घेतो, म्हणजे पंचावरचं तेल फोममध्ये जातं आणि पंच कोरडा पडतो, वर ओलावा त्यात राहतो. पीव्हीसीचं काही आत नको, त्यातून क्लोराइड येतं. फोम हवाच असेल तर क्लोज्ड सेलचा पीई फोम, तोही ट्रेच्या बाहेर धक्का खायला, पंचाला चिकटून नको.

आम्ही नवीन सेट पाठवतो तेव्हा एकेक पंच तेल लावून प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये जातो, मग बॉक्स, मग व्हीसीआय (वाफेने गंज रोखणारं केमिकल असलेली) पिशवी. व्हीसीआयबद्दल लोकांचा गैरसमज असा असतो की कागद गुंडाळला की झालं. त्याची वाफ बंद जागेतच काम करते, पिशवी नीट सील नसेल तर पैसे पाण्यात, आणि ट्यूबचं टोपण घट्ट असेल तर वाफ आत पोचतच नाही. सिलिका जेल आणि व्हीसीआय दोन्ही एकत्र आम्ही घालत नाही, एकच काय ते निवडतो.

सिलिका जेल घेणार असाल तर निळं नको. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे, फार्मात आणूच नका, केशरी घ्या.

आणि हात जोडून विनंती, गंजाचे ठिपके दिसले की तिथल्या तिथे पॉलिश पेपरने घासू नका. कपमधला ठिपका म्हणजे वरचा डाग नसतो, खाली खड्डा पडलेला असतो. तो जाईपर्यंत घासलं तर एम्बॉसिंगची अक्षरं बसतात, लँड कमी होते आणि त्या एका पंचाची वर्किंग लेंथ (कपच्या तळापासून हेडपर्यंतची लांबी) बाकीच्यांपेक्षा वेगळी होते. मग तेवढ्याच स्टेशनची टॅबलेट जाडी-हार्डनेसला वेगळी येते आणि ऑपरेटर दिवसभर शोधत बसतो. हार्ड क्रोमला मुळात बारीक चिरा असतातच, एकदा खालचं स्टील गंजायला लागलं की क्रोम सोलपटतं, तो पंच परत येतच नाही, बदलावाच लागतो. तुमच्या त्या बॅचला काळे ठिपके आले ते यातलंच काहीतरी असणार, एक तर कपमध्ये अडकलेलं तेल नाहीतर गंज.

क्यूए_अंबरनाथ

मी क्यूएमध्ये (क्वालिटी अॅश्युरन्स) आहे, अंबरनाथला. वरचे दोघे टूलिंगचे जाणकार आहेत, पण व्हीसीआयवर माझं वेगळं मत आहे. तो केमिकल पंचाच्या त्याच भागावर बसतो जो टॅबलेटला लागतो. तुमच्या क्लिनिंग व्हॅलिडेशनमध्ये (धुतल्यावर काही उरत नाही हे सिद्ध करणाऱ्या चाचणीत) तो रेसिड्यू कुठेच नाही. सप्लायर कंपोझिशन लिहून देत असेल, वापरायच्या आधीच्या वॉशने तो जातो हे तुम्ही दाखवलं असेल तर वापरा, नाहीतर एच1 तेल, अल्युमिनियम लॅमिनेटची हीट सील पिशवी आणि केशरी सिलिका जेल, एवढ्यात काम होतं. इन्स्पेक्शनला उत्तर द्यायला पण सोपं जातं.

वेर्णावाले सर, तुमच्या त्या ट्रान्सपोर्टच्या वादात खरी अडचण अशी आहे की सेट निघताना कसा होता ते तुमच्याकडे लिहिलेलं नाही. यावेळी पॅक करायच्या आधी प्रत्येक पंचाची टिप 10 एक्स मॅग्निफायरखाली बघा, वर्किंग लेंथ मोजा, कप आणि कड दिसेल असे फोटो काढा, पंचावरच्या नंबरसकट. तेच फॉरमॅट तिकडच्यांनी रिसिव्हिंगला भरायचं, तेच इन्स्ट्रुमेंट किंवा निदान तेवढ्याच अचूकतेचं. नंबर सील लावा आणि सील नंबर मेलने कळवा, बॉक्सवर चिकटवून पाठवू नका. सेटचं हिस्ट्री कार्ड, आतापर्यंत किती टॅबलेट काढल्या, कधी पॉलिश झालं, कुठले पंच बदलले, हे सगळं सेटसोबतच गेलं पाहिजे. आम्ही बऱ्याचदा बघतो की सेट जातो आणि कार्ड जुन्या प्लांटच्या कपाटात राहतं, मग तिकडे तो नवा सेट म्हणून शून्यापासून मोजतात. टूलिंग मेंटेनन्सचा सगळा हिशेबच त्या आकड्यावर असतो हो.

स्टेटस लेबल पण नीट लिहा. तेल लावून पाठवलेला सेट तिकडे "क्लीन्ड" म्हणून सरळ मशीनवर चढता कामा नये. लेबलवर स्पष्ट हवं की स्टोरेजसाठी तेल लावलंय, वापरायच्या आधी क्लिनिंग करायचंय. एम्बॉसिंगच्या अक्षरांत तेल राहतं आणि पहिल्या टॅबलेटांवर येतं, त्यामुळे पुसल्यावर अक्षरांत एअर मारून परत मॅग्निफायरखाली बघायला सांगा.

2023 च्या शेवटी सुधारित शेड्यूल एम (औषध कारखान्यांसाठीचे सरकारी नियम) आलं तेव्हापासून आमच्याकडे तरी इन्स्पेक्टर इक्विपमेंटच्या लॉगबरोबर पंच रूम पण उघडायला सांगतात. कुलूप कोणाकडे, इश्यू कोण करतं, खराब पंचाचं काय केलं, सगळं विचारतात.

जर्सी_फार्मा

न्यू जर्सीहून लिहितोय, इथे ओरल सॉलिडमध्ये आहे, भारतातून सेट येतात ते मी बघतो. एक मुद्दा अजून आला नाही आणि माझ्या मते तुमच्या गंजाचं अर्धं कारण तिथे आहे.

तुमची पंच रूम एसीत, समजा 23 अंश. जुलैमध्ये वेर्ण्याला बाहेर 28 अंश आणि आरएच 90 टक्के असेल तर दवबिंदू 26 च्या आसपास येतो. म्हणजे 23 अंशाचं स्टील त्या हवेत आलं की त्याच्यावर पाणी धरणारच. तुम्ही उघडे ट्रे डिस्पॅचच्या डॉकवर आणून तिथे बॉक्स भरला असेल तर ते पाणी आतच सील केलंत. म्हणून पिशवी सील करायची ती पंच रूमच्या आत, कोरड्या हवेत, आणि बाहेर फक्त बंद पिशवी जाईल.

उतरवताना पण तेच. पिथमपूरला रात्री गारठलेला ट्रक सकाळी पोचला आणि कोणीतरी उत्साहाने बॉक्स उघडला की परत तेच होणार. आमच्याकडे विमानाने येणाऱ्या सेटला हे फार व्हायचं, कार्गो थंड असतो. आता नियम असा की बॉक्स आला की सील तपासायचं, स्टोरेज रूममध्ये नेऊन 24 तास बंदच ठेवायचा, मग उघडायचा. पिशवीत एक छोटा टेंपरेचर-ह्युमिडिटीचा डेटा लॉगर टाका आणि बॉक्सला बाहेरून शॉक इंडिकेटरचं स्टिकर लावा, धक्का बसला की ते लाल होतं. ट्रान्सपोर्टवाल्याशी बोलायला मग तुमच्याकडे काहीतरी असतं, आणि खरं सांगायचं तर स्टिकर बघून हमालही जरा जपूनच हात लावतात.

अजून एक, तुमच्या ओव्हलवर एम्बॉसिंग आहे म्हणजे ब्रँडची खूण आहे. इथल्या कायद्यात बनावट औषधासाठी दुसऱ्याची खूण उठवणारा पंच किंवा डाय बनवणं, विकणं, जवळ बाळगणं हा स्वतःच गुन्हा आहे, त्यावरून कळेल की अशा पंचाची किंमत चुकीच्या हातात किती असते. त्यामुळे निघताना आणि पोचल्यावर नग मोजून दोघांच्या सह्या हव्यात, आणि जे चार-पाच पंच मागच्या वेळी खराब झाले ते भंगारात तसेच देऊ नका. टिप ग्राइंड करून, कापून, क्यूएसमोर नष्ट करा आणि रेकॉर्ड ठेवा.

वेर्णा_कॉम्प्रेशन

एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार सगळ्यांचे. डॉकवरच भरला होता हो बॉक्स, कारण लाकडी बॉक्स पंच रूममध्ये न्यायला क्यूए परवानगी देत नाही. आता समजलं सगळं कसं जुळून आलं ते.

पीपी ट्रेचं कोटेशन मागवलंय, 19 मिमी बॅरल आणि की लिहून. तेल आणि 99 टक्के आयपीएची इंडेंट टाकली. अजून दोन शंका. आमचे साहेब म्हणतायत ट्रक नको, रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकू, इंदूरला उतरवून घेतील, लवकर पोचेल. आणि दोन महिन्यांच्या स्टोरेजचं, तिकडे स्टीलचं कपाट आहे, रूमला एसी आहे पण रात्री बंद करतात.

पंचरूम_वाळूज

डिकी नको. तिथे तुमच्या बॉक्सवर कोणाची बॅग येईल, कोणाचा मोटरपंप येईल सांगता येत नाही, पावसात डिकीत पाणी शिरतं आणि रात्री दोन वाजता कोण कुठे उतरवतो कळतही नाही. दोन सेटचे मिळून सहा बॉक्स आहेत, कंपनीची गाडी जात असेल तर तिच्यात सीटच्या मागे बांधून माणसाबरोबर पाठवा. टूलिंगची किंमत आणि होल्डवर गेलेल्या बॅचची किंमत साहेबांसमोर मांडली तर गाडी मिळते. आणि अकाउंट्सला आधी सांगा, गोवा आणि एमपी असे दोन जीएसटी नंबर आहेत म्हणजे कंपनी एकच असली तरी नुसत्या चलनावर भागत नाही, इनव्हॉइस आणि 50,000 च्या वर किंमत असेल तर ई-वे बिल लागेल. कागदासाठी गाडी रस्त्यात तपासणीला अडली की बॉक्स उघडायला लावतात, तुमची सील केलेली पिशवी तिथेच फाटते.

स्टोरेजचं म्हणाल तर रात्री एसी बंद करणारी रूम ही एसी नसलेल्या रूमपेक्षा वाईट, रोज गरम-गार, रोज पंचाला घाम. छोटा डीह्युमिडिफायर लावून आरएच 50 च्या खाली ठेवला तर एसी बंद असला तरी चालेल. 60 च्या वर गेलं की स्टीलला धोका सुरू होतो. 24 तासांनी बॉक्स उघडून इन्स्पेक्शन झाल्यावर हात लागलेल्या प्रत्येक पंचाला परत तेल, मग ट्रेसकट कपाटात, अप्पर-लोअर वेगवेगळ्या खणात, कुलूप. पंधरा दिवसांनी एकदा दोन-चार पंच काढून बघायचे, कीवे आणि एम्बॉसिंग खास, तेल सुकल्यासारखं वाटलं तर पूर्ण सेटला परत लावायचं. हे करणाऱ्या माणसाचं नाव आधीच ठरवून घ्या, कारण मशीन क्वालिफिकेशनच्या धावपळीत कपाटाकडे कोणी फिरकत नाही.

क्यूए_अंबरनाथ

आणि पोचल्यावर सील तुटलेलं दिसलं किंवा शॉक स्टिकर लाल झालेलं असलं तर त्यांनी उघडायचं नाही, फोटो काढून आधी तुम्हाला कळवायचं, डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीपेक्षा वेगळं घडल्याची नोंद) नंबर घ्यायचा आणि मग दोन्हीकडच्या क्यूएने व्हिडिओ कॉलवर असताना उघडायचं. हे पाठवायच्या मेलमध्येच लिहा, फोनवर सांगू नका. आणि शक्य असेल तर तुमचं रिसिव्हिंगचं फॉरमॅट इथे टाका, मी बघून देते.